परत या हो, गंमत होती!

१

भोंगा रोज सकाळी आठच्या ठोक्याला स्टेशनावर जायचा. कुठं जायचं म्हणून नाही. भांडायला जायचा.

भांडण कुणाशी, तर फलाटावरच्या कर्ण्यातल्या बाईशी. एकतीस वर्षं त्या कर्ण्यातनं भोंग्याचाच आवाज यायचा. म्हणून तर नाव पडलं भोंगा. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं, ती गेली तेव्हा सोबत घेऊन गेली. भोंगा रिटायर झाला आणि हापिसानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलाच नाही. एक यंत्र बसवलं, त्यात बाईचा आवाज भरला. लोणच्यासारखा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," बाई म्हणायची.

"देतोय की! बाकी काय उद्योग आहे मला?" भोंगा बाकावरनं म्हणायचा.

"होणाऱ्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"दिलगीर म्हणे. आवाजात मीठ नाही आणि दिलगीर!"

पुलाच्या पायथ्याशी घड्याळजीचं खोकं होतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायचा आणि भोंग्याचं भांडण ऐकून पोट धरून हसायचा. दोघांची दोस्ती जुनी. एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांनाही चहा उतरायचा नाही.

त्या मंगळवारी बाई म्हणाली, "आठ बेचाळीसची गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे."

भोंगा एवढा हसला, एवढा हसला, की ठसका लागला. घड्याळजीनं पाठीत गुद्दा घातला तेव्हा कुठं थांबला. आणि थांबल्यावर मग हसू परत येईना.

कारण त्या स्टेशनाला फलाट होते दोन.

२

एके काळी तीन होते. स्टेशन बांधलं ते माणसांसाठी नाहीच, दगडांसाठी. मागं खाण होती. तिसऱ्या रुळावरनं दगड जायचा. माणसं आपली दगडाच्या मधल्या वेळात चढायची-उतरायची. एक पत्र्याची शेड, एक बाक, आणि घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा. गाडी आली की हातोडी हाणायची, एवढंच स्टेशन.

मग खाणीला पाणी लागलं. खाण बंद झाली, तिसरा रूळ उपटून नेला. फलाटाचे दगड लोकांनी नेले. अर्ध्या वस्तीच्या दारातल्या पायऱ्या त्या फलाटाच्या आहेत. भोंग्याच्या दारातली पण. तिच्यावर पिवळ्या पट्ट्याचा रंग अजून दिसतो, घासून जात नाही. पुलाला तीन जिने होते, त्यातला तिसरा कापून काढला आणि पुलाच्या त्या टोकाला पत्रा ठोकला. पुढं दगडाच्या जागी माणसं वाढली. सकाळी सगळी वस्ती गाडीत ओतायची, संध्याकाळी गाडीतनं परत उपसून काढायची. मधल्या वेळात फलाटावर कुत्री झोपायची. आता दगड नाहीत, डबे घेतलेली माणसं जातात. वजन तेवढंच.

आणि भोंग्याची खोडी त्या तिसऱ्या फलाटावरनंच निघाली.

नवं तोंड दिसलं, की भोंगा आपल्या खोलीच्या खिडकीतनं हेरायचा. गाडीला चांगली पाच-सात मिनिटं असली, की पुकारायचा, "गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे!" जुनी माणसं हसू दाबून उभी. नवा माणूस धावत पूल चढायचा, त्या टोकाला जाऊन पत्र्यावर आपटायचा. मग भोंगा कर्ण्यात म्हणायचा, "परत या हो, गंमत होती!" नवा माणूस लाजत खाली उतरायचा आणि शेवटच्या पायरीवर त्याचा पाय पडला, की सगळा फलाट टाळ्या वाजवायचा. कुणीतरी सरकून त्याला शेजारी उभं राहायला जागा करायचा.

टाळ्या पडल्या, की माणूस आपला झाला. पुन्हा त्याला कुणी नवा म्हणायचं नाही. गाडी कधी कुणाची चुकली नाही. तेवढं इमान भोंग्याच्या खोडीला होतं.

म्हणजे एकदा सोडून.

३

वीस वर्षं झाली त्याला. लख्ख ऊन होतं आणि माणसाच्या हातात मिटलेली छत्री होती, म्हणून तो भोंग्याच्या डोळ्यात भरला. नवा. काखेत डबा, बूट चकचकीत. छत्रीचं टोक फरशीवर टक टक आपटत उभा.

भोंग्यानं पुकारलं. माणूस धावला. जिना चढताना दिसला, पुलावर दिसला, पत्र्याकडं वळताना दिसला.

आणि खोलीतला फोन वाजला. वरचा साहेब. कुठली तरी मालगाडी कुठं तरी अडकली होती आणि साहेबाला ती भोंग्यानंच पोटाखाली धरून ठेवलीय असं वाटत होतं. भोंगा उभा राहून "हो साहेब, नाही साहेब" करत राहिला. फोन ठेवला तेव्हा आठ बेचाळीस येऊन गेली होती.

"परत या हो" म्हणायचं राहून गेलं.

नंतर घड्याळजी म्हणाला, "लोक टाळ्यांसाठी हात वर करून उभे होते रे. तो उतरलाच नाही."

"लाजून मागच्या मागं गेला असेल."

"मागं काय आहे? पत्रा आहे. जिने दोन, आणि दोन्ही माझ्या डोळ्यासमोर."

"तुझे डोळे घड्याळात होते."

घड्याळजीनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. भोंग्यानं त्या दिवसापासून खोडी बंद केली. का बंद केली ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि खोडकर माणसाला असलं कुणी विचारतही नाही. सुटलो एकदाचे, असं म्हणतात.

४

तर मंगळवारी भोंगा तडक स्टेशनाच्या साहेबाकडं गेला. साहेब तरणा, नुकताच बदलून आलेला. टेबलावर काच, काचेखाली कागद, कागदाखाली आणखी कागद.

"साहेब, तुमची बाई तीन नंबर पुकारते."

"कोण बाई?"

"कर्ण्यातली."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, आपल्याकडं फलाट किती?"

"दोन."

"मग तीन कुठनं आला?"

"तेच तर विचारायला आलोय!"

"म्हणजे तुम्हीच सांगताय तीन नाही, आणि तुम्हीच सांगताय तीन आहे."

भोंग्याला वाटलं, आपलंच डोकं घेऊन काचेवर आपटावं. काच फुटली तर तेवढीच तक्रार तरी नोंदली जाईल.

साहेबानं यादी काढून दाखवली. पुकारे शहरातल्या एका खोलीतनं येतात, कुठं काय पुकारायचं ते यादीत लिहिलेलं असतं, आणि यादीत तीन नाही. "यादीत नाही म्हणजे पुकारलंच नाही," साहेब म्हणाला.

"मी या कानांनी ऐकलं."

"तुमची ख्याती मी पण ऐकलीय आजोबा, याच कानांनी." साहेब गालात हसला. "तक्रार असेल तर लेखी द्या."

आता भोंग्याचं लिहिणं म्हणजे सहीपुरतं. एकतीस वर्षं सगळं वेळापत्रक त्यानं पाठ करून पुकारलं, कागद नुसता हातात धरायचा शोभेला. खिडकीवरच्या कारकुनाला म्हणाला, लिहून दे. कारकून म्हणाला, जेवणाची सुट्टी. सुट्टी झाल्यावर म्हणाला, तो कागद इथं मिळत नाही, फोन करा. फोन केला, तर फोनमध्ये पण बाईच! एक दाबा, दोन दाबा. भोंग्यानं रागानं तीन दाबलं.

तर फोनमध्ये कुणीतरी छत्रीचं टोक फरशीवर आपटावं तसं टक, टक, टक वाजलं आणि फोन बंद पडला.

यंत्र बिघडलं असेल, भोंगा मनाशी म्हणाला. फोन असलेच आवाज करतात. मग घरी जाऊन दोन ग्लास पाणी प्याला.

५

बुधवारी बाईनं पुन्हा पुकारलं. कुणी हसलं नाही, कुणी मान वर केली नाही. हल्ली सगळ्यांच्या कानात गाण्याची बोंडकी घातलेली असतात. भोंग्यानं सगळ्या फलाटावर बोंबलून सांगितलं, "तीन नंबर नाहीये रे! कुणी जाऊ नका!" दोघं बाजूला सरकले, जसं वेड लागलेल्या माणसाला बघून सरकतात. एकानं खिशातनं नाणं काढून पुढं केलं.

"भिकारी वाटलो काय तुला? अरे, मी भोंगा!"

"कोण?"

एकतीस वर्षं ज्या आवाजावर या लोकांच्या बापांनी धावत गाड्या पकडल्या, त्याला पोरगं विचारतंय, कोण!

तेवढ्यात एक माणूस नवी कोरी बॅग घेऊन पूल चढला. नवा होता, ते भोंग्याला चालण्यावरनंच कळलं. पुलाच्या त्या टोकाकडं वळला. आठ बेचाळीस एक नंबरवर आली, भरली, गेली. माणूस उतरला नाही.

भोंग्यानं घड्याळजीकडं बघितलं. घड्याळजीनं भिंग डोळ्यावरनं काढून हातात धरलं होतं.

"आज मी घड्याळात बघत नव्हतो रे, भोंग्या," तो हळूच म्हणाला.

"मग चल वर."

"माझे गुडघे."

"तुझे गुडघे काल जिलबीसारखे वळत होते."

"आज नाही वळत," घड्याळजी म्हणाला आणि खोक्याची फळी आतनं लावून घेतली.

भोंगा एकटाच चढला. छत्तीस पायऱ्या. पूल रिकामा. टोकाला पत्रा, होता तसाच, गंजलेला. मागं आवाज यायला नको होता. मागं खाली नुसता झाडोरा आणि जुन्या खाणीचं पाणी. पण कान लावला तर कुणी खाकरत होतं. कुणी वर्तमानपत्राचं पान उलटत होतं. डब्याची कडी खळकन वाजली. गाडीची वाट बघत उभ्या माणसांचे आवाज भोंग्यानं जन्मभर ऐकलेले, ते ओळखायला त्याला डोळे लागत नव्हते.

पत्र्याला एका खिळ्याचं भोक होतं. त्यानं डोळा लावला.

पिवळा पट्टा दिसला, ताजा रंगवलेला. पट्ट्याला चवडे लावून बुटांची रांग उभी होती, सगळे चकचकीत. शेवटी एक नवी कोरी बॅग. आणि पहिल्या बुटांशेजारी छत्रीचं टोक, टक, टक, टक.

मग टोक थांबलं. बूट पट्ट्यावरनं वळले आणि त्यांचे चवडे भोकाकडं झाले.

भोंगा छत्तीस पायऱ्या कशा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

६

भोंग्याची सून सोमवारपासून नव्या कामाला लागली होती. मुलगा दुसऱ्या गावाला कामाला, शनिवारचा यायचा. म्हणजे घरात सासरा आणि सून, दोघंच. दिवसभर एकमेकांची थट्टा, आणि ताटावर बसल्यावर उरलेली थट्टा.

बुधवारी संध्याकाळी ती आली, चपला भिरकावल्या, पाणी न पिताच बोलायला लागली.

"बाबा, आज पण उशीर झाला. त्यांनी तोंडावर सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बसा."

"अगं, आठ बेचाळीस तर वेळेवर होती."

"कुठली? मी तीन नंबरवर निघाले ना! काल पण, आज पण. मी पलीकडच्या जिन्यानं अर्धी चढेपर्यंत शिट्टी होते. मग खाली येऊन नऊ दहाची धरावी लागते." तिनं ग्लास तोंडाला लावला. "पण तिथनं दिसतो तो फलाट काय स्वच्छ आहे हो! आणि गाडी रिकामी. बसायला जागा! उद्या दहा मिनिटं आधीच निघते, म्हणजे मिळेल."

भोंग्याच्या हातातली वाटी कलंडली.

"सूनबाई, तीन नंबर नाहीये."

"हां हां."

"तुझ्या सासूची शपथ."

"त्या असत्या तर त्यांनीच सांगितलं असतं, यांचं काही ऐकू नको म्हणून." ती हसायला लागली. "लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तुम्ही मला सांगितलंत, की आपल्या घरात पाहुण्यांसमोर डावी चप्पल उजव्या पायात घालतात. दिवसभर घातल्या मी! लोक विचारत होते, मुलीच्या पायात दोष आहे का."

"ते निराळं होतं पोरी."

"ते छोटं होतं. हे जरा मोठं आहे, एवढंच."

भोंग्यानं सगळं सांगितलं. फोन, छत्री, बूट, सगळं. ती तोंडाला पदर लावून हसत होती आणि मधेच म्हणत होती, "छत्री झकास आहे. बाबा, छत्री लई झकास!" त्याचे डोळे भरून आले तर म्हणाली, "हे रडायचं कुठं शिकलात? हे नवीन आहे."

जन्मभर त्यानं एकच हत्यार वापरलं होतं. आज खऱ्याच्या वेळी बाहेर काढलं तर त्याला धारच नाही.

पहाटे उठून त्यानं भिंतीवरचं घड्याळ मागं केलं. तिच्या हातात फोन होता, त्यावर वेळ बरोबर. तिची बॅग कणगीमागं लपवली. तिनं हसत हसत शोधून काढली. दाराला बाहेरनं कडी घालायला गेला, तर दारातल्या दगडी पायरीवर पाय पडला. पायरी थरथरत होती. गाडी येते तेव्हा फलाट थरथरतो ना, तशी. रूळ तिथनं चांगले अर्धा कोस लांब.

"बाबा, सरका. मला वाट द्या," मागनं सून म्हणाली.

"थांब. तू चहा तरी घे. तोवर मी पुढं होतो."

७

भोंगा तिच्या आधी पुलावर पोचला. पत्र्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. मागं बघायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. पाठीला पत्रा गार लागत होता, तेवढ्यावर भरवसा.

कर्णा बोलला. "आठ बेचाळीसची गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे."

आवाज बाईचा नव्हता. भरदार होता, मिठाचा होता. वीस वर्षांपूर्वीच्या भोंग्याचा होता.

सून धापा टाकत पूल चढून आली. त्याला बघून जागीच थबकली. "बाबा! इथं काय करताय? लोक बघतायत."

"पोरी, माझ्या मागं काय आहे?"

"काय म्हणजे? जिना आहे."

भोंग्याच्या पाठीला आता पत्रा लागत नव्हता. वारा लागत होता.

"बाजूला व्हा बाबा. आज चुकली तर काम गेलं माझं. तुम्हाला कळत कसं नाही?"

ती त्याच्या हाताखालनं निघायला वाकली. भोंग्यानं तोंडाभोवती हात धरले. कर्णा नाही, माईक नाही, छाती सत्तरीची. तरी त्यानं बेंबीच्या देठापासनं आवाज काढला. वीस वर्षं घशात अडकलेला.

"परत या हो! गंमत होती!"

सगळ्या स्टेशनावर घुमला तो. खाली लोकांनी कानातली बोंडकी काढली. वर बघितलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग दहा जण हसले, मग सगळा फलाट. सुनेचं तोंड लालबुंद झालं. डोळ्यात पाणी तरारलं.

"आज सुद्धा?" ती म्हणाली. "आज सुद्धा तुम्हाला खोडीच सुचली? मी तुमच्याशी बोलणार नाही. कधीच नाही."

वळली आणि थाड थाड पाय आपटत खाली गेली. तेवढ्यात आठ बेचाळीस एक नंबरला लागली. खरी, गर्दीची, दाराला लोंबकळणाऱ्या माणसांची. ती आत घुसली. खिडकीपाशी तिची वेणी दिसली. तिनं वर बघितलं नाही.

गाडी हलली. वेळेवर हलली. काम वाचलं, पोर वाचली. भोंग्याच्या जिवात जीव आला. त्याला म्हणायचं होतं, बोलू नको बाई, जन्मभर बोलू नकोस, पण घरी ये.

८

मग तो खाली निघाला. मागं न बघता, समोरच्या जिन्यानं, आला होता त्याच. कठडा धरून एक एक पायरी मोजत उतरला. पायऱ्या मोजायला त्याला डोळे लागत नव्हते, पण खाली बघून मोजल्या.

तीस. पस्तीस. छत्तीस.

सदतीस.

चुकलो असेन, भोंगा मनाशी म्हणाला. म्हाताऱ्याची मोजणी. अडतीस. घड्याळजीचं खोकं इथंच पायथ्याशी असतं. "अरे ए, गुडघ्या!" त्यानं हाक मारली. कुणी शिवी दिली नाही. एकोणचाळीस. चाळीस. पायरीचा दगड घरच्या पायरीसारखा होता, कडेला पिवळा.

वर वळून बघावं असं त्याला फार वाटलं. वर कुणीतरी "परत या" म्हणायला हवं होतं. पण म्हणणारा एकच होता आणि तो खाली उतरत होता.

त्यानं शेवटच्या पायरीवर पाय ठेवला.

टाळ्या सुरू झाल्या. एकदम, सगळ्या बाजूंनी, जोरजोरात. वीस वर्षं हात वर धरून थांबलेल्या माणसांनी वाजवाव्यात तशा.

आणि पिवळ्या पट्ट्यापाशी कुणीतरी छत्री दुसऱ्या हातात घेतली, सरकलं आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.